लेखकाच्या नावापुढे ‘निर्माता’ का लागते?

अमेरिकी मालिकांच्या श्रेयनामावलीत लेखकांनाच ‘निर्माता’ म्हटलेले दिसते, ते नुसते मानाचे पद असते का, असे आपण विचारले आहे. काही वेळा असतेही. पण बहुधा त्यामागे प्रत्यक्ष काम असते. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद यांसाठीच अनेकदा तीन वेगळी नावे येतात आणि निर्मिती संस्था निराळी असते, त्यामुळे ही रचना अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांच्या कारकिर्दीवरून ती चांगली उलगडते.

१९६७ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड येथे जन्मलेल्या गिलिगन यांनी १९९५ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेचा एक भाग बाहेरचे लेखक म्हणून लिहिला, नंतर ते त्याच मालिकेच्या लेखकवर्गात दाखल झाले आणि एकेक पायरी चढत कार्यकारी निर्माते झाले. आपण लिहिलेल्या भागाची पात्रनिवड, चित्रीकरण आणि संकलन यांतही लेखकाने लक्ष घालावे, अशी मुभा त्या मालिकेचे कर्ते ख्रिस कार्टर यांनी तेथे दिली होती. माझ्या मते गिलिगन यांचे खरे शिक्षण चित्रपटशाळेपेक्षा इथे झाले. कोणते दृश्य किती खर्चाचे आहे आणि कोणता संवाद संकलनात गळणार, हे ज्याला कळते, तो लिहितानाच वेगळे निर्णय घेतो.

१९९८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका भागात ब्रायन क्रॅन्स्टन यांनी एका तिरस्करणीय पण दया यावी अशा माणसाची भूमिका केली होती. पुढे ‘ब्रेकिंग बॅड’च्या मुख्य भूमिकेसाठी गिलिगन यांनी त्यांचेच नाव सुचवले, तेव्हा ती दाखवणाऱ्या एएमसी वाहिनीच्या अधिकाऱ्यांना क्रॅन्स्टन विनोदी मालिकेतले वडील म्हणूनच ठाऊक होते. गिलिगन यांनी त्यांना तो जुना भाग दाखवला आणि शंका मिटली.

‘ब्रेकिंग बॅड’च्या कथेचे स्थळसुद्धा हिशेबातून ठरले. मूळ कल्पना कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडची होती. न्यू मेक्सिको राज्य चित्रीकरणाच्या खर्चावर करसवलत देत होते, म्हणून सारे त्या राज्यातील अल्बुकर्की शहराला हलले आणि तिथले वाळवंट मालिकेची ओळख बनले. लेखकांच्या संपामुळे २००८ चा पहिला हंगाम नऊऐवजी सात भागांवर थांबला. २०१३ मध्ये मालिका संपली तेव्हा एकूण ६२ भाग झाले होते.

त्याच मालिकेतील लेखक पीटर गूल्ड यांनी सॉल गुडमन हे वकिलाचे पात्र प्रथम आले तो भाग लिहिला होता. २०१५ मध्ये त्या पात्रावर ‘बेटर कॉल सॉल’ ही नवी मालिका सुरू झाली, तेव्हा गूल्ड हे गिलिगन यांच्या बरोबरीचे निर्माते होते. तिसऱ्या हंगामाच्या सुमारास गिलिगन ‘लेखकांच्या खोली’तून, म्हणजे सारे लेखक एकत्र बसून कथा रचतात त्या कामातून, बाजूला झाले, रोजचा कारभार गूल्ड यांनी सांभाळला आणि शेवटच्या हंगामात गिलिगन पुन्हा लेखन-दिग्दर्शनासाठी परतले.