सही करण्याआधी

दादर, मुंबई

प्रिय मुली,

लालबागच्या आगमन सोहळ्याचा व्हिडिओ एवढ्या लोकांनी पाहिला आणि हाती दमडी आली नाही, म्हणून तू चिडली आहेस. पुन्हा ऐक तो व्हिडिओ. मागे डीजेवर सिनेमाचं गाणं लागलंय. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि गाण्याच्या मालकाने दावा लावला की जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. यूट्यूब स्टुडिओत जाऊन तेवढं गाणं काढून टाक. ढोल-ताशाचा आवाज राहिला तरी पुष्कळ.

जाहिरातीचे पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात प्रेक्षकांनी पाहिलेले ४,००० तास ही अट तू पार केलीस. आता मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुझे. पण कशाचे ५५, हे आधी ठरत नाही. प्रत्येक जाहिरातीसाठी बोली लागते. दिवाळीआधी ती चढते, जानेवारीत उतरते. म्युच्युअल फंड समजावणाऱ्याला वडापाव दाखवणाऱ्यापेक्षा कमी प्रेक्षकांत जास्त मिळू शकतात, कारण त्या प्रेक्षकापाशी पोहोचायला कंपन्या जास्त मोजतात. शॉर्ट्सचा, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचा, हिशेब वेगळा, आणि बहुधा चिल्लरच. १०० डॉलर साठेपर्यंत पैसे सुटत नाहीत. पत्त्याच्या पडताळणीचा पिन गुगलकडून टपालाने येतो, तेव्हा चाळीचं नाव, खोली नंबर नीट लिही. पोस्टमनला आपल्या गल्ल्या माहीत असतात, गुगलला नाही.

खरी कमाई बऱ्याचदा ब्रँडच्या कामात असते. ब्रँडचं काम आणणाऱ्या एजन्सीचा तू पाठवलेला करार वाचला. रक्कम ठीक आहे. चौथं कलम मात्र घातक: व्हिडिओ 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' वापरायचा हक्क त्यांना हवाय. म्हणजे उद्या तुझा चेहरा अंधेरीच्या होर्डिंगवर लागला तरी तुला वेगळा पैसा नाही. तीन महिने, फक्त सोशल मीडिया, असं लिहून माग. पुढे वापरायचं असेल तर नवा दर. पैसे किती दिवसांत देणार, तेही कागदावर हवं. 'क्लायंटकडून आले की देतो' हे ऐकून घेऊ नकोस.

आणि 'जाहिरात' असं ठळक लिहायला एजन्सी नको म्हणतेय ना? अजिबात ऐकू नकोस. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, २०२१ पासूनचे नियम आहेत. फुकट मिळालेला मिक्सरही त्यात येतो. तक्रार झाली तर नाव तुझं जाईल, एजन्सीचं नाही.

सुधारलेला मसुदा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. तोवर सही नको.

तुझा,
काका