माझ्या मोठ्या बहिणीला मूल नाही आणि आता मला दिवस गेलेत. तिला कसं सांगू?

तुम्ही लिहिलंय की ताईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, दवाखाने झाले, नवस झाले, आणि आता तुम्हाला चौथा महिना लागलाय. आई म्हणते तिला इतक्यात कळू देऊ नको. सासूबाई म्हणतात डोहाळजेवणाला तिला बोलवायचं नाही. आणि तुमच्या मनात येतंय की हे लेकरू तिच्याच ओटीत घालावं.

मी तुमच्या ताईच्या जागेवर आहे. परभणीची लेक, अंबाजोगाईला दिलेली, मूल नाही. नांदेडला माझी धाकटी बहीण आहे, तिला दोन लेकरं. म्हणून ताईच्या बाजूनं लिहिते.

लगेच सांगा, आणि समोर बसून सांगू नका. लोकांना वाटतं अशी गोष्ट तोंडावर सांगण्यात मान आहे. पण समोर बसलं की ताईला त्याच क्षणी हसावं लागतं, पेढा खावा लागतो, तुम्हाला जवळ घ्यावं लागतं. माझ्या बहिणीनं मला सकाळी मेसेज केला होता: "ताई, मला दिवस गेलेत. आईच्याही आधी तुला सांगायले. लगेच फोन नको करूस, तुला वाटंल तेव्हा कर." मी दार लावून रडले, मग तोंड धुतलं आणि संध्याकाळी तिला फोन केला. तेव्हा जे बोलले ते सगळं मनापासूनचं होतं. आनंद आणि पोटातली कालवाकालव एकाच वेळी असते. ताई रडली तर तो तुमचा हेवा समजू नका.

लपवलं तर काय होतं तेही सांगते. कुण्या चुलतभावाच्या बायकोकडून, एखाद्या लग्नाच्या मांडवात तिला कळतं. मग तिला आठवतं की मागच्या वेळी आपण माहेरी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं एकदम थांबलं होतं. मूल नसल्याची सवय करून घेता येते. आपल्याच माणसांनी आपल्याला घाबरून राहणं सोसत नाही.

ताईचे उपचार चालू असतील तर ते काय असतं हे जाणून घ्या, विचारायला नाही, गप्प बसायला. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या, एका फेरीत दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधूनमधून सोनोग्राफी, मग स्त्रीबीजं काढणं, गर्भ आत सोडणं आणि त्यानंतर साधारण दोन आठवडे रक्ततपासणीची वाट. आमच्याकडून लातूर नाहीतर संभाजीनगर गाठायचं, काहीजणी पुण्याला जातात. त्या दोन आठवड्यांत माहेरून रोज "काय झालं गं?" असा फोन येणं म्हणजे छळ. अमक्या गावचा वैद्य, तमक्या बाबाचा अंगारा हेही नको. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त, तरी आपल्याकडं ती शेवटी होते, आणि तोवर बाईच्या सगळ्या तपासण्या होऊन गेलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की जगात साधारण सहांतल्या एका माणसाच्या वाट्याला मूल न होण्याची अडचण कधी ना कधी येते. पाहुण्यांत ताईचा विषय निघाला तर हे तुम्ही बोला. तिला स्वतःची बाजू मांडायची पाळी येऊ देऊ नका.

आता ओटीचं. आमच्या अंबाजोगाईची योगेश्वरी कुमारिका मानली जाते. परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं तिचं लग्न लागलंच नाही, अशी कथा आहे. नवरा नाही, लेकरू नाही, आणि साऱ्या लेकुरवाळ्या तिची ओटी भरायला रांगेत उभ्या राहतात, तिला आई म्हणतात. त्याच बाया घरी येऊन म्हणतात की मूल नसलेलीच्या हातची ओटी नको. हे मला कधीच पटलेलं नाही. तुमची ओटी ताईनं भरावी, पण तिला भरायची असेल तर. आधी एकटीला विचारा. "नको" म्हणाली तर तो राग नाही, त्या दिवशी तिला झेपणार नाही एवढंच. चार लोकांत एकदम तिच्या हातात नारळ देऊन "भर गं" म्हणणं हे न बोलावण्याइतकंच वाईट.

आणि आपल्या रीतीत एक गोष्ट बघा. बाळाचं नाव आत्या ठेवते. जावळाला मांडी मामाची. मावशीला काहीच नाही. "माय मरो, मावशी उरो" म्हणायला सगळे पुढं, पण बारशाच्या दिवशी मावशी वाढपात असते. ताईला या लेकराच्या आयुष्यात जागा हवी असेल तर ती तुम्हालाच करावी लागेल, आणि ती नुसत्या गोड बोलण्यानं होत नाही. माझ्या बहिणीनं पहिल्या बाळंतपणात लसीचं कार्ड माझ्या हातात दिलं. जन्मल्यावरची बीसीजी, मग सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे, मग नववा महिना. या सगळ्या तारखा माझ्या. कोणत्या मांडीला सुई दिली, रात्री ताप किती चढला, औषधाचे थेंब किती, हे घरात मला विचारायचे. पोरगी आता शाळेत जाते, पण दवाखान्यात जायचं म्हटलं की अजून "मावशी पाहिजे" म्हणते. हे मला कुणी दया म्हणून दिलेलं नाही.

पण काम देणं वेगळं आणि राबवून घेणं वेगळं. कितीतरी घरांत मूल नसलेली बहीण म्हणजे फुकटची बाळंतीणकाढी. "तिला काय, तिच्यामागं लेकरू थोडंच आहे" म्हणत चार चार महिने ठेवून घेतात. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं सगळं तिच्यावर, आणि पाहुणे आले की बाळ तिच्या मांडीवरून उचलायचं. तुमच्या घरी असं होत असेल तर तुम्ही अंथरुणावरूनही ते थांबवू शकता.

शेवटचं, लेकरू देण्याचं. तुमचं मन मोठं आहे, पण हे ताईजवळ आत्ता बोलू नका. पहिलटकरणीला चौथ्या महिन्यात कळत नाही की दूध उतरल्यावर तिला काय वाटणार आहे. एकदा शब्द दिलात की ताई दिवस मोजायला लागेल, आणि तुम्ही मागं फिरलात तर तिचं दुसऱ्यांदा काहीतरी जाईल. कायद्यानं नात्यात दत्तक देता येतं. हिंदू कुटुंबांत ते १९५६ च्या दत्तक कायद्यानं होतं. त्याला तुम्हा दोघा नवरा-बायकोची आणि तिकडं त्या दोघांची संमती लागते, मूल प्रत्यक्ष द्यावं-घ्यावं लागतं, आणि दत्तकपत्राची नोंदणी केलेली बरी. एकदा झालं की ते मोडता येत नाही. त्या मुलाची तुम्ही मावशी होता, कायमची.

नातेवाईकांतलं कुणी "बहीणच आहे, पोटात वाढवून देईल" असंही म्हणेल. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार अशा बाईला स्वतःचं मूल असावं लागतं, वय २५ ते ३५ असावं लागतं, आणि आयुष्यात एकदाच हे करता येतं. ताईला वैद्यकीय कारणानं सरोगसीची गरज आहे असा दाखलाही लागतो. म्हणजे आज तो विषयच नाही. ताई आणि भाऊजींना दत्तक घ्यावंसं वाटलं तर 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते. तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं, त्यामुळं वयाचा हिशोब लवकर करावा. पण हेही ती बोलली तरच.

मूल पाहिजे ही तिची ओढ तिची आहे. ती भागवणं तुमच्यावर कुणी टाकलेलं नाही, आणि ताईनं तर नाहीच. आईशी तुम्ही बोला, सासूबाईंशी तुमच्या मालकांना बोलू द्या. सून सासूला सांगायला गेली की ते भांडण होतं, लेकानं सांगितलं की बऱ्याचदा ऐकलं जातं.