हुशार मुलांचेच उत्तर चुकते तेव्हा

प्रश्न : मी बी.एड.ची विद्यार्थिनी असून बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत माझी आंतरवासिता सुरू आहे. आठवीच्या 40 मुलांसाठी मी समाजविज्ञानाची 25 गुणांची घटक चाचणी काढली. ‘खानापूर तालुक्यात उगम पावणारी नदी कोणती?’ या प्रश्नाला मलप्रभा, घटप्रभा, म्हादई आणि वेदगंगा असे पर्याय होते. उत्तर अर्थातच मलप्रभा. एकूण गुणांत वरच्या 11 मुलांपैकी चौघांचेच उत्तर बरोबर आले, बाकी सातही जणांनी म्हादई निवडली. खालच्या 11 पैकी मात्र सहा जणांचे बरोबर निघाले आणि उरलेले पाच घटप्रभा-वेदगंगेत विभागले. हा प्रश्न रद्द करू का? शिवाय, एका दीर्घोत्तरी उत्तराला मी 5 पैकी 4 गुण दिले, तर मैत्रिणीने त्यालाच 2 दिले. कोणाचे योग्य?
– एक छात्राध्यापिका

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘अर्थातच’ या शब्दावरच आधी बोट ठेवावे लागेल. मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते हे खरे. पण पुढे गोव्यात मांडवी होणारी म्हादईही खानापूर तालुक्यातच, भीमगडच्या जंगलात उगम पावते. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भंडुरा प्रकल्पाच्या बातम्या घरी कानावर पडणाऱ्या मुलाला हे ठाऊक असणारच. म्हणजे तुमच्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे होती आणि जास्त माहिती असलेली मुलेच त्यात अडकली. खालच्या गटातील सहा जणांना, खानापूर गावाला लागून वाहणारी मलप्रभा तेवढी माहीत असल्यामुळे, गुण मिळाले असावेत.

आकडे हेच सांगतात. दोन्ही गटांतील 22 पैकी 10 उत्तरे बरोबर, म्हणजे काठिण्यमूल्य (बरोबर उत्तरांचे प्रमाण) सुमारे 45 टक्के. नुसते एवढेच पाहिले तर प्रश्न उत्तम वाटतो. भेदनमूल्य, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो ते, काढताना वरच्या गटाच्या बरोबर उत्तरांतून खालच्या गटाची वजा करून एका गटाच्या संख्येने भागायचे असते. येथे 4 वजा 6, भागिले 11, म्हणजे उणे 0.18. भेदनमूल्य उणे आले की मुलांवर संशय घेण्याआधी आपली उत्तरसूची आणि प्रश्नाची भाषा तपासावी, असा माझा आग्रह आहे. आता म्हादईही ग्राह्य धरून पुन्हा मोजा : वरच्या गटात 11, खालच्या गटात 6, भेदनमूल्य 0.45 आणि काठिण्यमूल्य सुमारे 77 टक्के. त्यामुळे प्रश्न रद्द करू नका, म्हादई लिहिणाऱ्या सर्वांना गुण द्या आणि पुढच्या वेळी ‘कणकुंबीजवळ उगम पावणारी’ असे विचारा. (वरचे व खालचे 27 टक्के घेण्याची पद्धत अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी 1939 मध्ये मांडली, 40 मुलांत ते 11 भरतात, हे तुम्ही अचूक केले आहे. मात्र एवढ्या लहान वर्गात दोन मुलांच्या उत्तरांनीही आकडा हलतो, म्हणून त्याला इशारा समजावे, निवाडा नव्हे.)

गुणांतील फरकाचे म्हणाल, तर अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी 1912-13 मध्येच एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली होती आणि गुणांत प्रचंड तफावत आढळली होती. तेव्हा तुम्हा दोघींपैकी कोणाचे योग्य हे ठरवत बसू नका; उत्तरात कोणते मुद्दे हवेत आणि प्रत्येकाला किती गुण, हे तपासण्यापूर्वीच दोघींनी मिळून लिहून काढा. मग आधी सर्व मुलांचा तोच एक प्रश्न तपासा, त्यानंतर पुढचा. नावाची बाजू दुमडलेली असू द्या.

त्या गुणदान योजनेत भाषेचेही ठरवून घ्या, कारण सीमाभागात इथेच गुण गळतात. सिंचनाच्या उत्तरात एखाद्याने तलावाला ‘केरे’ असा कन्नड शब्द लिहिला असेल आणि पाणी साठवून शेताला देण्याची क्रिया नीट सांगितली असेल, तर समाजविज्ञानाचे गुण पूर्ण द्यावेत; मराठी शब्द बाजूला पेन्सिलीने लिहून द्यावा. मैत्रिणीने कमी दिलेले दोन गुण अशाच एखाद्या शब्दापायी गेले आहेत का, ते पेपर समोर ठेवून एकदा पाहा.