जर्मनीतला एम्सलँड जिल्हा कसा आहे? तिथली माणसं जगतात कशावर?

तुमच्या मुलाला लिंगेनच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, नकाशावर नुसती शेतंच शेतं दिसतात आणि घरात सगळे विचारताहेत की जर्मनीला जाऊन शेवटी खेड्यातच राहायचं का. तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेतला. त्या भागात काही वर्षं नोकरी केली आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

खेडवळ आहे, हे खरं. मागास मात्र अजिबात नाही. पण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हाच भाग देशातला सगळ्यात दरिद्री कोपरा म्हणून ओळखला जायचा. हे का आणि कसं बदललं ते कळलं की जिल्हा कळतो.

एम्सलँड लोअर सॅक्सनी राज्यात, पश्चिमेला नेदरलँड्सच्या सीमेला चिकटून आहे. क्षेत्रफळ सुमारे २,८८० चौरस किमी, म्हणजे जर्मनीतल्या जारलँड या अख्ख्या राज्याहून मोठं; आणि लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आत. एम्स नदी दक्षिणेकडून उत्तरेला जाते. तिच्या काठाने लिंगेन, मेपेन, हारेन, पापेनबुर्ग अशी गावं आहेत. मेपेन हे जिल्ह्याचं ठिकाण, पण सगळ्यात मोठं शहर लिंगेन. आजचा जिल्हा १९७७ साली तीन जुने जिल्हे एकत्र करून झाला. जिल्ह्याचा प्रमुख आपल्या कलेक्टरसारखा वरून नेमलेला नसतो, लोक त्याला थेट निवडून देतात.

आता मुख्य गोष्ट: दलदल. नदीच्या पश्चिमेला बुर्टांगर मोअर नावाची प्रचंड दलदल होती, थेट नेदरलँड्समध्ये पसरलेली. शाळेत कोळशाचे प्रकार शिकताना पहिला आला होता तो 'पीट' आठवतो का? त्याचेच हे थर. शेवाळ हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजून साचत गेलेलं. त्यावर ना धान्य पिकतं, ना गाडी चालते. १६३१ साली डीट्रिश फॉन फेलेन या जमीनदाराने पापेनबुर्ग वसवलं ते कालवे खणून. पाणी काढायचं, पीट कापायचं, सरपण म्हणून विकायचं आणि खालच्या जमिनीवर शेती करायची. तिथे एक म्हण आहे, की पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल आणि तिसऱ्याला भाकरी. पिढ्यांचा हिशोब आहे तो. कालवे नव्हते तिथे लोक दलदलीचा वरचा थर जाळून राखेत बकव्हीट पेरायचे. आपल्याकडे उपासाला खातात तो कुट्टू. काही वर्षांत जमिनीचा कस जायचा, मग पुढचा तुकडा जाळायचा. शिवाय उन्हाळ्यात पुरुष गवत कापायला आणि पीट खणायला हॉलंडला मजुरीला जायचे.

नाझी काळात याच ओसाडपणाचा वापर झाला. १९३३ पासून इथे छावण्या उभ्या राहिल्या. एम्सलँड आणि लगतचा भाग धरून एकूण १५. कैद्यांकडून फावड्याने दलदल खणून घेत. पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की एस्टरवेगेनच्या छावणीत होते. त्यांना १९३५ चं शांततेचं नोबेल जाहीर झालं ते पुढच्या वर्षी, तोवर त्यांची तब्येत पार ढासळली होती. १९३८ मध्ये ते गेले. एस्टरवेगेनला आता स्मारक आहे. मुलाला एकदा तिथे जायला जरूर सांगा.

युद्ध संपल्यावरचा एक प्रकार तर जर्मनीतही फारसा कुणाला माहीत नसतो. १९४५ मध्ये हारेन गावातल्या जर्मन रहिवाशांना घरं रिकामी करायला लावली आणि तिथे पोलिश सैनिक आणि विस्थापित राहायला आले. गावाचं नावही बदललं. पोलिश सेनानी जनरल माचेक यांच्यावरून माचकुफ. पोलिश शाळा, पोलिश महापौर, सगळं काही. १९४८ मध्ये मूळ माणसं परतली.

त्याच सुमारास नेदरलँड्स सीमेलगतचा भाग नुकसानभरपाई म्हणून मागत होतं, आणि पूर्वेकडून हाकलून दिलेल्या लाखो जर्मन निर्वासितांना कुठेतरी वसवायचंही होतं. या दोन्ही गोष्टींमुळे बॉनमधलं, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम जर्मनीचं, सरकार जागं झालं, असं माझं मत. ५ मे १९५० ला संसदेने 'एम्सलँड योजना' मंजूर केली. रस्ते, पाण्याचा निचरा, वीज, घरं या सगळ्यावर एकदम पैसा ओतला. आणि नांगरणी! ओटोमायर कंपनीचे 'मामूट' नावाचे नांगर दोन मीटर खोल जायचे, त्यांना वाफेची इंजिनं तारांनी ओढायची. खालची रेती वर यायची आणि पीटबरोबर तिरप्या पट्ट्यांत बसायची. रेतीतून पाणी निचरतं, पीट ओल धरून ठेवतं. ग्रोस हेजेपेच्या दलदल संग्रहालयात हा नांगर ठेवलाय. त्याच्या शेजारी उभं राहिलं की माणूस फारच किरकोळ वाटतो.

आज त्या जमिनीवर बटाटा आणि मका पिकतो, पण खरा पैसा डुकरं आणि कोंबड्यांत आहे. त्याची किंमतही आहे. एवढ्या जनावरांचं शेण-मूत टाकायचं कुठे? भूजलात नायट्रेट वाढलंय, आणि त्यावरचे नियम निघाले की शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येतात. निचरा केलेल्या पीटमधून कार्बन डायऑक्साइडही सुटत राहतो, म्हणून जी दलदल घालवायला एवढा खर्च केला, तिचे काही तुकडे आता पुन्हा पाण्याखाली आणताहेत. २०१८ च्या सप्टेंबरात मेपेनजवळच्या लष्करी चाचणी क्षेत्रात रॉकेटच्या चाचणीमुळे पीटला आग लागली, ती आठवडेच्या आठवडे जमिनीच्या पोटात धुमसत राहिली. धूर दूरवर गेला.

उद्योग म्हणाल तर पापेनबुर्गचा मायर वेर्फ्ट हा जहाज कारखाना १७९५ पासूनचा. समुद्र लांब, तरी अवाढव्य क्रूझ जहाजं इथे बनतात आणि चिंचोळ्या एम्समधून उलटी, मागचा भाग पुढे करून, समुद्राकडे नेतात. बघायला जत्रा जमते. त्यासाठी नदी खोल करत गेल्याने ती गाळाने भरलीय, हेही सांगायला हवं. कंपनी अडचणीत आली तेव्हा २०२४ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारने मिळून सुमारे ८० टक्के हिस्सा घेतला. श्पेलेला क्रोने ही शेतीयंत्रांची कंपनी आहे. लिंगेनजवळ १९४२ मध्ये तेल सापडलं, शहरात तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिथली अणुभट्टी १५ एप्रिल २०२३ ला बंद झाली, देशातल्या शेवटच्या तिघांपैकी एक. आता तिथे हायड्रोजनवर काम चाललंय. म्हणजे ऊर्जा किंवा यंत्र विषयातल्या मुलाला प्रकल्प आणि इंटर्नशिप शोधायला जागा चांगली.

माणसं कॅथलिक, कामसू, जरा कमी बोलणारी, पण एकजुटीची. ए-३१ महामार्गाचा राहिलेला तुकडा लवकर व्हावा म्हणून इथल्या कंपन्यांनी आणि गावांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले, २००४ मध्ये तो पूर्ण झाला. लिंगेनमध्ये अविवाहित पुरुषांची चौदाव्या शतकापासूनची एक संस्था आहे, ती दर तीन वर्षांनी मोठा उत्सव करते.

मुलाला सांगा, सायकल घे आणि जर्मन शिकूनच ये. बर्लिनसारखं इंग्रजीवर भागत नाही. कारखान्यातला सुपरवायझर जर्मन बोलतो आणि म्हातारी माणसं आपसात प्लाट या उत्तर जर्मनीतल्या जुन्या बोलीत बोलतात, ती जर्मनांनाही कळत नाही. रविवारी दुकानं बंद. आपले मसाले वगैरे आणायचे असतील तर रेल्वेने म्युन्स्टर हे मोठं शहर गाठावं, थेट गाडी आहे.