पुडिंग गोड कधी झाले?

प्रश्न असा: लंडनच्या एका जुन्या रेस्टॉरंटात रविवारी रोस्ट बीफबरोबर यॉर्कशायर पुडिंग आले, ते मुळीच गोड नव्हते, मेनूच्या शेवटी मात्र 'पुडिंग्ज' म्हणून सगळे गोडाचे पदार्थ. मग पुडिंग म्हणजे नेमके काय, आणि हा शब्द आपल्या 'पुडी'वरून गेला का?

आधी पुडी निकालात काढू. ती संस्कृत 'पुट'ची लेक. पुडिंग हा शब्द इंग्रजीत रुळला तेव्हा इंग्रजांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागायला काही शतके अवकाश होता. उच्चार जुळला की व्युत्पत्ती सापडली, हा खेळ आता पुरे. आणि प्रवासवर्णनांत 'पुडिंग, म्हणजे एक प्रकारची खीर' हे वाचून तर मी थकलो आहे. यॉर्कशायर पुडिंग म्हणजे मैदा, अंडी आणि दुधाचे घावनासारखे पातळ पीठ, कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये फुगवलेले. पूर्वी ते भाजत्या मांसाच्या खाली ठेवत, वरून ठिबकणारी चरबी त्यात उतरे. १७४७ साली हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या पाककृतींच्या पुस्तकात ते यॉर्कशायरच्या नावाने आले.

पण खरी गंमत त्या शब्दाच्या मागे आहे. पुडिंग म्हणजे मुळात आतडे! आतड्यात ठासून भरलेले रक्त, चरबी, धान्य. गोव्याचे चोरिस, म्हणजे तिथले डुकराच्या मांसाचे सॉसेज, ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको. इंग्रजी न्याहारीतले ब्लॅक पुडिंग, म्हणजे रक्ताचे सॉसेज, हा जुना अर्थ आजही सांभाळून आहे. १६६६ ची लंडनची आग जिथे लागली ती पुडिंग लेन गोडाधोडाची गल्ली नव्हे. जवळच्या ईस्टचीप बाजारातल्या खाटकांकडची आतडी-कोथळे तिथून थेम्सवरच्या होड्यांकडे नेत, म्हणून ते नाव. सतराव्या शतकात आतड्याच्या जागी फडके आले. आतडे साफ करण्याची कटकट गेली, फडक्यात बांधून काहीही उकडता येऊ लागले. मनुका आल्या, साखर आली, आणि गोडवा हळूहळू शब्दालाच चिकटला. पुढे तर जेवणाअखेरचे सगळेच गोड 'पुडिंग' झाले, अगदी आइस्क्रीमसुद्धा.

आता व्युत्पत्ती. लॅटिन 'बोतेल्लुस' म्हणजे छोटे सॉसेज, त्यापासून फ्रेंच 'बुदँ', त्यापासून पुडिंग, हे माझे ठाम मत. त्याच घराण्यातल्या 'बोतुलुस'वरून बोट्युलिझम, कारण ही विषबाधा जर्मनीत खराब सॉसेजमधून होताना ओळखली गेली. आणि त्या विषाचे औषधी रूप म्हणजे बोटॉक्स. सुरकुत्या घालवणारे इंजेक्शन आणि ख्रिसमसचे पुडिंग एकाच आतड्यातून निघाले!

काही कोशकारांना हे पटत नाही. फ्रेंच 'ब'चा इंग्रजीत 'प' होत नाही म्हणे, म्हणून ते फुगवटा किंवा गोळा या अर्थाच्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातल्या, शब्दांकडे वळतात. पण ज्या पदार्थाला फ्रेंच बुदँ म्हणत, नेमक्या त्याच पदार्थाला इंग्रज पुडिंग म्हणू लागले, हा योगायोग मानायचा? 'ब'चा 'प' होत नसेल, तर लॅटिन 'बुर्सा' इंग्रजीत 'पर्स' कशी झाली, याचे उत्तर त्यांनी आधी द्यावे.