वाचकांचे प्रश्न : बाबांच्या दीडशे डिस्क आणि नवा टीव्ही

या महिन्यात सगळे प्रश्न डिस्क प्लेअरचेच घेतलेत. ओटीटीच्या काळात डिस्क कोण बघतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बघणारे आहेत आणि मनापासून बघतात, मी स्वतः त्यातलाच.

प्रश्न : आमच्या बाबांकडे जुने मराठी सिनेमे आणि नाटकं मिळून दीडशे तरी डिस्क आहेत, काही व्हीसीडी, काही डीव्हीडी. जुना प्लेअर बंद पडलाय. घरी नवीन ५५ इंची ४के टीव्ही आहे म्हणून नवरा म्हणतो घ्यायचाच तर ब्लू-रे प्लेअर घेऊ, सगळं एचडी दिसेल. खरंच दिसेल का? – एक ताई, नाशिक

उत्तर : ताई, आधी एक रविवार बाबांबरोबर बसा आणि त्या दीडशे डिस्कचे ढीग करा, व्हीसीडी वेगळ्या, डीव्हीडी वेगळ्या, कुठे ब्लू-रे (एचडी चित्राची डिस्क) असेल तर ती वेगळी. प्लेअर टीव्हीकडे बघून नाही, या ढिगांकडे बघून घ्यायचा असतो. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम १ लाख ठिपके. आपल्याकडच्या पॅल (भारतात चालणारी टीव्ही चित्राची पद्धत) डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, साधारण ४ लाख. ब्लू-रे १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाखांच्या वर, आणि तुमच्या ४के टीव्हीच्या पडद्यावर जवळपास ८३ लाख ठिपके भरायचे असतात. आता १ लाखाचे ८३ लाख करायचे म्हटलं की उरलेले ठिपके प्लेअर नाहीतर टीव्ही अंदाजाने भरणार, त्यालाच अपस्केलिंग म्हणतात. चांगल्या प्लेअरवर डीव्हीडी नक्की स्वच्छ दिसते, कडा कमी थरथरतात, पण एचडी होत नाही, कारण जे डिस्कवर नाहीच ते कुठून आणणार. व्हीसीडी तर ५५ इंचावर पुसटच दिसणार, २१ इंची टीव्हीवर बरी दिसायची कारण पडदाच लहान होता. थोडं लांब बसून बघा, फरक पडतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्लू-रे प्लेअरला डीव्हीडी सहसा चालतेच पण व्हीसीडी चालेल याची खात्री नसते, कितीतरी मॉडेलना ती वाचताच येत नाही. म्हणून बाबांची एक व्हीसीडी पिशवीत टाकून दुकानात घेऊन जा, समोर लावून बघा आणि मगच पैसे द्या. ढिगात ब्लू-रे एकही नसेल आणि पुढे घ्यायचा विचारही नसेल तर एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरने टीव्हीला देणारं सॉकेट) असलेला साधा डीव्हीडी प्लेअर तुम्हाला पुरे, उरलेल्या पैशात बाबांना साउंडबार घेऊन द्या, जुन्या नाटकांतले संवाद नीट ऐकू येतील, त्यांना ते जास्त आवडेल असं मला वाटतं.

प्रश्न : नेटफ्लिक्सवर ४के मिळतं की मग डिस्कवर पैसे कशाला? माझ्याकडे पीएस५ गेम कन्सोल आहे, मित्राकडे पीएस४ प्रो. – पुण्याचा एक विद्यार्थी

उत्तर : ४के हा फक्त ठिपक्यांचा आकडा झाला रे, प्रत्येक सेकंदाला किती माहिती येते ते पण बघायला हवं. ४के बघायला इंटरनेट १५ एमबीपीएस (सेकंदाला १५ मेगाबिट माहिती) किंवा जास्त असावं असं नेटफ्लिक्सच सांगतं. साध्या ब्लू-रेवर नुसत्या चित्राला ४० एमबीपीएसपर्यंत जागा असते आणि ४के अल्ट्रा एचडी डिस्कवर एकूण आकडा १०० च्या पुढे जाऊ शकतो. रात्रीचे प्रसंग, धुकं, पाऊस, समुद्राचा फेस, इथे फरक लगेच दिसतो. आणि आवाज. डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ म्हणजे स्टुडिओतला आवाज काहीही न गाळता डिस्कवर आलेला, तो एकदा चांगल्या स्पीकरवर ऐक.

तुझ्याकडे पीएस५ आहे असं लिहिलंयस, तो डिस्क ड्राइव्हवाला असेल तर वेगळा प्लेअर घेऊच नकोस, ४के डिस्क, ब्लू-रे, डीव्हीडी सगळं चालतं. फक्त डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र) त्यात मिळत नाही आणि ऑडिओ सीडी चालत नाही. मित्राकडचा पीएस४ प्रो मात्र ४के डिस्क वाचत नाही, नावात प्रो असलं तरी.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला असतो, दिवाळीत येताना तिकडून ब्लू-रे प्लेअर आणि थोड्या डिस्क आणतो म्हणतोय. आणू द्यावं का? – एक काका, ठाणे

उत्तर : काका, डिस्क बघून आणू द्या, प्लेअरचं मात्र थांबवा. कारण सांगतो. ब्लू-रेला जगाचे तीन भाग केलेत, ए, बी आणि सी. अमेरिका, जपान ए मध्ये, युरोप, ऑस्ट्रेलिया बी मध्ये, आणि आपण चीन, रशियाबरोबर सी मध्ये. डीव्हीडीचे आकडे वेगळेच, तिथे अमेरिका १ आणि भारत ५. म्हणजे एकाच प्लेअरला दोन कुलपं असतात. तिकडच्या प्लेअरला आपली सी कुलपाची ब्लू-रे चालणार नाही, आपल्या प्लेअरला तिकडची ए चालणार नाही. सगळ्याच डिस्कना कुलूप नसतं, बऱ्याच कंपन्या मोकळ्याच काढतात, बॉक्सच्या मागे छोटं चिन्ह असतं त्यात ए, बी, सी तिन्ही अक्षरं असतील तर बिनधास्त घ्या. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला तर प्रदेशाचं कुलूपच नाही, तेव्हा तुमच्याकडे ४के प्लेअर असेल तर मुलाला त्याच आणायला सांगा, फक्त त्याच बॉक्समधल्या दुसऱ्या साध्या ब्लू-रेला कुलूप असू शकतं हे ध्यानात ठेवा.

प्लेअरला नको म्हणतोय त्याचं अजून एक कारण आहे जे दुकानदारही सांगत नाही. अमेरिकेत विकले जाणारे बरेच प्लेअर पॅल डीव्हीडी वाचत नाहीत, आणि आपल्या घरोघरच्या लग्नाच्या, मुंजीच्या डीव्हीडी बहुतेक पॅलमध्येच बनवलेल्या असतात. सिनेमा चालेल आणि स्वतःच्या मुलीचं लग्न चालणार नाही अशी वेळ यायची. त्यातून आणलाच तर मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लगला लावू नका, १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक, फक्त १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० वर सरळ जळेल.

प्रश्न : नवीन ४के प्लेअर घेतला, पण सिनेमा टीव्हीवरच्या मालिकेसारखा दिसतो, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि काही डिस्कना आवाजच येत नाही. प्लेअर खराब निघाला का? – कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : नाही हो, परत करू नका, तिन्ही गोष्टी सेटिंगच्या आहेत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि टीव्ही मधल्या मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो, त्यामुळे सगळं गुळगुळीत, मालिकेसारखं होतं. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, बंद करून टाका. पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा, शार्पनेस कमी करा, आणि प्लेअरमध्ये २४पी आउटपुट (सेकंदाला २४ फ्रेम तशाच पाठवणं) ऑटोवर. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, डोळे सरावले की परत भडक रंगांच्या व्हिविड मोडवर जावंसं वाटणार नाही. ४के डिस्कचं एचडीआर (वर सांगितलेलं डॉल्बी व्हिजन हा त्याचाच एक प्रकार) दिसत नसेल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं सेटिंगही उघडावं लागतं, एलजीत त्याला डीप कलर म्हणतात, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट.

काळ्या पट्ट्या असू द्या. सिनेमा टीव्हीपेक्षा रुंद काढलेला असतो, झूम केलंत तर दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात. जुना चौकोनी सिनेमा असेल तर पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतील, तोही ताणू नका, सगळे नट जाडे दिसतात.

आवाजाचं असं आहे की बऱ्याच टीव्हींना डीटीएस (डॉल्बीसारखाच आवाजाचा एक प्रकार) कळत नाही. ज्या डिस्क मुक्या वाटतात त्या बहुधा डीटीएसच्या असणार. प्लेअरच्या ऑडिओ मेनूत बिटस्ट्रीमऐवजी (आवाज डिस्कवर आहे तसाच पाठवणं) पीसीएम (प्लेअरनेच तो उलगडून पाठवणं) करा, आवाज येईल. पुढे डॉल्बी ॲटमॉसवाला (चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारा) साउंडबार किंवा रिसीव्हर घेतलात की परत बिटस्ट्रीम करा आणि बीडी ऑडिओ मिक्स नावाचं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर प्लेअर चांगला आवाज साधा करून पाठवतो. आणि साउंडबार टीव्हीमार्फत जोडणार असाल तर साधं एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयने साउंडबारला पाठवायची सोय) पुरत नाही, त्याची सुधारलेली आवृत्ती ईएआरसी लागते.

प्रश्न : कुठल्या कंपनीचा घ्यावा? – दोघा-तिघांनी विचारलंय

उत्तर : निवड फारशी उरली नाही. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून अंग काढलं, २०२४ मध्ये एलजीनेही. आता मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक. जुना घेणार असाल तर ट्रे दहा वेळा उघडून-मिटून बघा आणि आपल्या तीन डिस्क लावून बघा. नेट जोडून फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला विसरू नका, नवीन डिस्कच्या सुरक्षा चाव्या जुन्या फर्मवेअरमध्ये नसतात, डिस्क नुसती फिरत राहते.

प्रश्न : २००८ सालच्या आमच्या लग्नाची डीव्हीडी अडकते, मध्येच चौकोन चौकोन येतात. पावसाळ्यात बुरशी पण आली होती. काही करता येईल? – एक ताई, रत्नागिरी

उत्तर : ताई, आज-उद्यात करा हे. घरी बर्न केलेल्या डीव्हीडीत माहिती रंगाच्या थरावर असते, ऊन, उष्णता आणि दमटपणाने तो थर बिघडत जातो, कोकणात तर लवकरच. मऊ सुती कापड साध्या पाण्यात किंचित ओलं करून मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि टूथपेस्ट वगैरे अजिबात लावू नका. मग ती प्लेअरमध्ये न लावता कंप्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हला लावा, त्यात व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर असतो, तो आख्खा कॉपी करून घ्या, कंप्युटरवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तसाच चालतो. एका ड्राइव्हला वाचता आली नाही तर दुसऱ्याला लावा, शेजाऱ्यांचा, ऑफिसचा, जो मिळेल तो, कारण एकाला न दिसणारा भाग दुसरा ड्राइव्ह कधी कधी वाचतो, मी स्वतः चौथ्या ड्राइव्हवर एक मुंज वाचवलीय. कॉपी दोन ठिकाणी ठेवा, एक घरी आणि एक माहेरी.