वर्ग केसपेपरपासून सुरू कर

अगं, समलिंगी पेशंटशी कसं बोलायचं-वागायचं यावर नव्या सिस्टर्सचा पहिला वर्ग घेतेयस ना? मग व्याख्यांनी सुरुवात करू नकोस. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल पाठ करून कुणाची जीभ सुधारत नाही. केसपेपर हातात दे.

"मिस्टर काय करतात?" हा आपला ठरलेला प्रश्न. मीही एका बाईला तो विचारला होता. शेजारी थर्मास घेऊन उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे पाहत ती म्हणाली, "नाहीत." नातेवाईक नाही म्हणून मी त्या मैत्रिणीला बाहेर काढलं. रात्रभर ती बाकावर बसून होती. आता मी एवढंच विचारते, "सोबत कोण आहे? तब्येतीबद्दल कुणाशी बोललेलं चालेल?" हे दोघी-दोघींना समोरासमोर बसवून म्हणायला लाव. वाचून येत नाही ते.

दुसरी जागा म्हणजे ओव्हर देताना, ड्युटी बदलून पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवताना होणारी कुजबुज. "बेड सातचा तसलाय." तिथल्या तिथे अडव. गे आहे म्हणून दोन-दोन ग्लोव्ह्ज घालणाऱ्यांनाही सांग, स्टँडर्ड प्रिकॉशन्स, म्हणजे संसर्ग टाळायची नेहमीची काळजी, प्रत्येक पेशंटला सारखीच.

कायद्यावर दहा मिनिटं पुरेत. सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा ६ सप्टेंबर २०१८ चा कलम ३७७ वरचा निकाल आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. या कायद्याच्या कलम १८ नुसार लैंगिक कलावरून मानसिक आरोग्याच्या उपचारात भेदभाव चालत नाही.

"आमच्या धर्मात बसत नाही" असं कुणीतरी म्हणेलच. वाद घालू नकोस. घरी काय मानायचं ते मानू दे, सलाईन वेळेवर बदललं का ते विचार.